मेकरस्पेसचा इतिहास कसा लिहावा: पहिल्या पावतीपासून संस्थापकांच्या यादीपर्यंत

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमचे मेकरस्पेस चालते. अवजारे, यंत्रे आणि जागा सर्वांनी मिळून वापरायची, येणाऱ्याने स्वतःच्या हाताने काहीतरी करून पाहायचे आणि जे येते ते दुसऱ्याला शिकवायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. दहा वर्षे पूर्ण होत आली तेव्हा संस्थेचा छोटासा इतिहास लिहून काढावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले. मी हिशेब सांभाळते, त्यामुळे ‘कागद तुझ्याकडेच आहेत ना’ असे म्हणत ते काम माझ्या गळ्यात घातले गेले. दोन महिन्यांत उरकेल असे वाटलेल्या कामाला पावणेदोन वर्षे लागली आणि त्यांतला निम्मा वेळ माझ्याच चुका निस्तरण्यात गेला. तुमच्या गावात अशी एखादी कार्यशाळा असेल आणि तिचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर पुढील टप्पे याच क्रमाने घ्यावेत अशी माझी सूचना आहे. मी ते बरेचसे उलट क्रमाने घेतले होते.

१. आधी ‘सुरुवात’ म्हणजे काय ते ठरवा

पहिल्याच दिवशी एका कोऱ्या पानावर संस्थेच्या सुरुवातीच्या जितक्या तारखा संभवतात तितक्या लिहून काढा. चहाच्या टपरीवर पहिल्यांदा कल्पना निघाली तो दिवस, जागेची अनामत रक्कम दिली तो दिवस, पहिले यंत्र आत आले तो दिवस, बाहेरच्या माणसासाठी दार पहिल्यांदा उघडले तो दिवस आणि नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले तो दिवस, अशा किमान पाच तारखा निघतील. आमच्याकडे पहिल्या आणि पाचव्या तारखेत सव्वादोन वर्षांचे अंतर निघाले. यांपैकी एक तारीख खरी आणि बाकीच्या खोट्या असे मानू नका. पाचही नोंदवा आणि प्रत्येकीपुढे ती कशावरून ठरवली ते लिहा. वर्धापनदिन कोणत्या तारखेला साजरा करायचा तो मंडळाचा प्रश्न आहे, तुमचा नाही.

इथेच पहिला सापळा असतो. ‘भारतातील पहिले’, ‘गुजरातमधील पहिले’ अशी विशेषणे सदस्यांच्या बोलण्यात सहज येतात आणि तशीच कागदावर उतरतात. लिहिण्यापूर्वी जरा मागे वळून पाहावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्स’ २००१ साली सुरू झाले आणि तिथून फॅब लॅबची, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर कोणालाही वस्तू करून पाहता येईल अशा छोट्या प्रयोगशाळेची, कल्पना पसरली. त्या मालिकेतील अगदी सुरुवातीची, अमेरिकेबाहेरची प्रयोगशाळा २००२ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात उभी राहिली. आणि हाताने शिकण्याचाच मुद्दा असेल, तर आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कलाभवन १८९० साली सुरू केले होते. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. तेव्हा ‘पहिले’ हा शब्द आम्ही सरळ गाळला आणि त्यामुळे काही बिघडले नाही.

२. कागद गोळा करा. चांगला-वाईट असा निवाडा करू नका

मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. रियासतकार सरदेसायांच्या नोकरीची वर्षे याच गावात गेली, त्यामुळे निदान बडोदेकरांना तरी नसावी. लोकांच्या तोंडून आलेली हकीकत ही बखर असते. ती रसाळ असते आणि हवीच, पण आधी कागद एकत्र आणा. मी मुलाखतींपासून सुरुवात केली, त्यामुळे कागद हाती आल्यावर चार जणांकडे पुन्हा जावे लागले.

खालील गोष्टी शोधा:

— भाडेकरार, अनामत रकमेची पावती आणि वीजबिले. बिल कोणाच्या नावावर होते आणि ते केव्हा बदलले, हे पाहा.
— संस्थेचे ज्ञापन (उद्देश आणि पहिल्या सदस्यांच्या सह्या असलेला स्थापनेचा कागद) आणि नियमावली, नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्त बदलल्याचे अर्ज.
— सभांची इतिवृत्ते. ती नसतील तर कोणाच्या तरी डायरीतील टाचणे.
— रोकडवही, खरेदीची बिले, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत.
— येणाऱ्यांच्या सह्यांची नोंदवही.
— यंत्रांवरील अनुक्रमांकाच्या पट्ट्या, अवजारांच्या पेटीवर लिहिलेली नावे.
— फोटो, ई-मेल, गटांतील संदेश, जुन्या संकेतस्थळाची पाने.

नोंदणीचे मूळ कागद हरवले असतील तर घाबरू नका. गुजरातमध्ये अशी संस्था सहसा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असते, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील दप्तरात ज्ञापनाची प्रत असते. १८६० च्या कायद्याच्या १९ व्या कलमाने कोणालाही हे कागद पाहण्याचा आणि प्रमाणित प्रत मागण्याचा हक्क दिला आहे. मूळ मजकुरात पाहणीचे शुल्क एक रुपया आणि नकलेचे दर शंभर शब्दांना दोन आणे असे आहे. आता अर्थातच चालू दराने पैसे भरावे लागतात. जाताना नोंदणी क्रमांक, साध्या कागदावरचा अर्ज आणि स्वतःचे ओळखपत्र सोबत ठेवा. क्रमांक माहीत नसल्यास आधी जुन्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या खाते उघडण्याच्या कागदांवर तो शोधा, कारण नुसत्या नावावरून दप्तर शोधायला लावले की हेलपाटे सुरू होतात. तुमची संस्था कंपनी कायद्याखाली ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर तिचे कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून घरबसल्या पाहता येतात.

वस्तूंनाही कागदाइतकेच महत्त्व द्या. आमचे सर्वांत जुने टेबल पाडलेल्या एका घराच्या दोन दरवाजांपासून केले आहे. ते हलवताना उलटे केले, तेव्हा खालच्या फळीवर सुतारी पेन्सिलीने लिहिलेली मापे, तीन आद्याक्षरे आणि एक तारीख सापडली. रोकडवहीत त्याच तारखेला ‘स्क्रू, फेव्हिकॉल, चहा’ असा खर्च होता. आद्याक्षरांपैकी एक कोणाचे हे अजूनही निश्चित झालेले नाही, आणि तसे आम्ही लिहून ठेवले आहे.

३. तारीख नसलेल्या कागदाला तारीख लावा

हा टप्पा मला सर्वांत आवडला, कदाचित हिशेबनिसाचा स्वभाव म्हणून. निम्म्या पावत्यांवर तारीख नसते किंवा पुसलेली असते. परंतु बिल स्वतःच बरेच काही सांगते. रुपयाचे ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले, त्यामुळे ते छापलेले असेल तर बिल त्यानंतरचे. बिलावर व्हॅटचा क्रमांक असेल तर ते ३० जून २०१७ पर्यंतचे आणि जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतरचे समजावे. गुजरातचे दोन्ही क्रमांक २४ या आकड्याने सुरू होतात, म्हणून फसगत होते, अंक मोजा. व्हॅटचा क्रमांक ११ अंकी असतो, जीएसटीचा अक्षरे धरून १५ जागांचा. आमच्या ड्रिल मशीनचे बिल मी याच गोंधळात दोन वर्षे पुढे ढकलले होते.

उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत पावत्या मिळाल्या त्याच दिवशी स्कॅन करा. आमच्या पहिल्या सोल्डरिंग स्टेशनची (तारा आणि सुटे भाग वितळलेल्या धातूने जोडण्याच्या उपकरणाची) पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली होती, आणि उघडली तेव्हा कागद पूर्ण पांढरा पडला होता. असे कागद लॅमिनेट तर अजिबात करू नयेत, यंत्राच्या उष्णतेने ते काळे पडतात.

बडोद्यात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या लेखकाला कदाचित पडणार नाही. ‘त्या वर्षी’ असे कोणी म्हणाले की कोणाचे वर्ष, हे विचारावे लागते. हार्डवेअरच्या जुन्या व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीला बदलते, आमच्या आजीचे गुढीपाडव्याला, माझे ३१ मार्चला आणि विद्यापीठातल्या मुलांचे जूनमध्ये. व्यापाऱ्याच्या चोपड्यात विक्रम संवत असेल, तर दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदींतून ५७ वजा करावेत आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतच्या नोंदींतून ५६. म्हणजे संवत २०७० मधील कार्तिकातली नोंद २०१३ ची, पण फाल्गुनातली २०१४ ची. उलटपक्षी, सणांची आठवण मात्र विलक्षण पक्की असते. ‘उतरायणाच्या आदल्या आठवड्यात, कारण कामाऐवजी सगळे फिरकीची चाकं करत बसले होते,’ असे एका सदस्याने सांगितले आणि आणखी दोघांनी न विचारता तेच सांगितले. अशी तारीख मी कागदाखालोखाल विश्वासाची मानते.

४. फोटो आणि गटांतील संदेश

फोटो मूळ फोनमधून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो आणि त्यासोबतची तारीख, कॅमेरा वगैरे माहिती गळून गेलेली असते. त्याच्या नावात जी तारीख दिसते ती तो त्या फोनवर आला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नव्हे. मूळ फोटोतील तारीखही डोळे मिटून घेऊ नये. बॅटरी काढल्यावर घड्याळ मागे जाणारे कॅमेरे असतात. आमच्या एका शिबिराचे सर्व फोटो आमचे मेकरस्पेस जन्माला येण्याआधीच्या एका १ जानेवारीचे निघाले.

अशा वेळी फोटोतील वस्तू पाहा. टेबलावर आर्डुइनो उनो (यंत्रे चालवायला शिकताना वापरतात ती छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी) असेल तर फोटो सप्टेंबर २०१० नंतरचा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक असेल तर फेब्रुवारी २०१२ नंतरचा. त्यावरच्या पिना मोजता आल्या आणि त्या २६ ऐवजी ४० भरल्या, तर जुलै २०१४ नंतरचा. मी स्वतः यांतले काही ओळखत नव्हते. नववीतल्या एका मुलाने भिंग घेऊन पिना मोजून दिल्या.

गटाच्या माहितीत तो कोणी आणि केव्हा तयार केला ते दिसते, परंतु पहिला गट बहुधा बंद झालेला असतो, हे लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण बाहेर काढताना मर्यादा असते: माध्यमांसह साधारण शेवटचे १०,००० संदेश आणि माध्यमांशिवाय ४०,०००. जुना गट बोलका असेल तर सुरुवातीचा भागच गळतो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. दोन-तीन जुन्या सदस्यांच्या फोनमधून प्रती काढून पडताळा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला आणि गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला बंद झाले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये गेले. तिथे काही चर्चा झाली असेल तर आता ती कोणाच्या तरी ई-मेल पेटीतच सापडेल. जुन्या संकेतस्थळासाठी इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारी सेवा) पाहा, तिथे आमच्या पहिल्या पानाची प्रत मिळाली.

आणि फोटोंबाबत एक गोष्ट मी फार उशिरा शिकले: फोटो काढणारा फोटोत नसतो. तिच्यावर पुढे सविस्तर लिहिते.

५. मुलाखती

आधी यादी करा आणि तिचा क्रम वयानुसार व अंतरानुसार लावा. ज्येष्ठ मंडळी पहिली, बडोदे सोडून जाणारी दुसरी. आमच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी अर्धे कॅनडाला आणि पुण्याला गेले आहेत, आणि रात्री नऊला त्यांना गाठण्यापेक्षा ते दिवाळीला घरी येतात तेव्हा समोर बसून बोललेले बरे. एका बैठकीत एकच माणूस, फार तर दीड तास. दोघे एकत्र बसले की बोलका माणूस दोघांची आठवण ठरवतो.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो, पण त्यावर कॉल येणार नाही असे करा, शक्य असल्यास डब्ल्यूएव्ही स्वरूपात (त्यात आवाजाची फाइल आकसवलेली नसते) मुद्रण करा आणि पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात पंखा बंद करणे माणुसकीला धरून नाही, म्हणून सकाळी सातची वेळ घ्या. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती हे सर्व मुद्रणातच बोलून घ्या. एका तासाचे मुद्रण उतरवून काढायला मला सुमारे पाच तास लागले. त्यामुळे सगळे शब्दशः उतरवण्याआधी दर पाच मिनिटांना काय विषय आहे याची सूची करावी आणि महत्त्वाचे तेवढेच पूर्ण उतरवावे.

बडोद्याची मराठी आहे तशीच ठेवा. तिच्यात गुजराती शब्द मिसळलेले असतात, मध्येच अख्खे वाक्य गुजरातीत जाते. ते ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात पडू नका. नावांच्या बाबतीत मात्र शिस्त हवी. एकाच आडनावाचे मराठी, गुजराती आणि इंग्रजी कागदांवर चार प्रकारे लेखन झालेले असते, तेव्हा एक स्वतंत्र वही करून प्रत्येक व्यक्तीपुढे सर्व रूपे लिहावीत.

प्रश्नांविषयी सांगायचे तर ‘संस्था कोणी स्थापन केली’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते आणि ते सभेत बोलल्यासारखे येते. त्याऐवजी हात लावता येईल अशा गोष्टी विचारा. अनामत रक्कम कोणाच्या खिशातून गेली? पहिल्या पावसात कुठे गळले? झाडू कोण मारत असे? विजेचा झटका पहिल्यांदा कोणाला बसला? माझा हुकमी प्रश्न किल्लीचा होता. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, आमचा पहिला वाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) दिलेल्या काकांना मी विचारले, “काका, सुरुवातीला किल्ली कोणाकडे असायची?”

“किल्ली?” ते हसले. “अगं, कुलूपच नव्हतं. सहा महिने नुसती कडी. समोरच्या फरसाणवाल्या भाईंना सांगून जायचो, भाई, जरा जोजो (लक्ष ठेवा). ते रात्री दुकान बंद करताना येऊन एकदा कडी ओढून बघायचे.”

दहा वर्षांत कोणत्याही कागदावर, भाषणात किंवा फोटोत त्या भाईंचे नाव आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी समोर गेले. त्यांना सगळे आठवत होते, पहिले यंत्र हातगाडीवरून आले तेव्हा उंबरठ्याला लावलेली फळीदेखील त्यांच्याच दुकानातली होती.

दोन मुलाखतींत विसंगती निघाली तर तिसऱ्याला ‘कोण खरे बोलते’ असे विचारू नये. दोन्ही हकीकती जशाच्या तशा नोंदवाव्या, कागदाचा आधार कोणत्या बाजूला आहे ते लिहावे, आणि कागद नसेल तर तिथेच थांबावे.

६. संस्थापकांची यादी

आता सर्वांत अवघड भाग. सोसायटी नोंदणी कायद्यानुसार ज्ञापनावर किमान सात जणांच्या सह्या लागतात. त्यामुळे अनेक संस्थांत पाच जण काम करत असतात आणि उरलेल्या दोन सह्यांसाठी कोणाचा तरी मेव्हणा आणि शेजारचे वकील येतात. ती मंडळी कायद्याच्या दृष्टीने संस्थापक सदस्य असतात आणि त्यांचे नाव वगळता येत नाही. पण ज्यांनी प्रत्यक्ष जागा उभी केली त्यांतले काही जण, वय अठरा नसल्यामुळे, सरकारी नोकरीमुळे किंवा त्या दिवशी गावाला गेल्यामुळे, त्या कागदावर नसतात. ज्ञापन हाती आले की यादी मिळाली असे समजणे हा या कामातील सर्वांत मोठा सापळा आहे. मी त्यात पडले.

दशकपूर्तीसाठी मी घाईने चारपानी पत्रक छापून घेतले. ज्ञापनातील नावांतून कामाची पाच निवडली, वर त्यांचा एकत्र फोटो टाकला आणि खाली ‘आमचे संस्थापक’ असे लिहिले. आमच्याकडे सोल्डरिंग शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी ते पत्रक माझ्यासमोर उभ्या उभ्या वाचले, होते त्याच घडीवर पुन्हा मिटले, पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, “छान झालंय.” मला काहीच कळले नाही.

चार महिन्यांनी, फोटोंची सूची करताना, पहिल्या दीड वर्षातले जवळपास सगळे फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत असे ध्यानात आले. काही कॅमेरे फोटोसोबत स्वतःचा अनुक्रमांकही नोंदवतात. तो कॅमेरा ताईंचा होता. रिकामी खोली, चुना मारताना, टेबल करताना, पहिले यंत्र आत आणताना, अशा प्रत्येक प्रसंगी त्या हजर होत्या आणि म्हणूनच एकाही फोटोत नव्हत्या. पत्रकावरचा फोटोही त्यांनीच काढलेला होता. नोंदणीच्या वेळी त्या एका सरकारी शाळेत नोकरीला होत्या, परवानगीची कटकट नको म्हणून त्यांनी सही केली नव्हती.

त्यानंतर मी ‘संस्थापक’ हा रकानाच काढून टाकला आणि कामांचा तक्ता केला. डावीकडे काम, मध्ये ते करणाऱ्यांची नावे, उजवीकडे पुरावा: कल्पना मांडली, जागा मिळवली, पैसे दिले, यंत्र दिले किंवा उसने आणले, सही केली, दार उघडे ठेवले, शिकवले, नोंदी ठेवल्या. एक नाव चार ओळींत येऊ शकते, एका ओळीत सहा नावे येऊ शकतात. फरसाणवाल्या भाईंचे नाव ‘राखण’ या ओळीत आले, ती ओळ मूळ तक्त्यात नव्हती, त्यांच्यासाठी वाढवावी लागली. ज्यांनी सही केली त्यांचे नाव सहीच्या ओळीत आहे, त्यामुळे वकीलसाहेबांनाही तक्रारीला जागा उरली नाही.

ही पद्धत काही मी शोधलेली नाही. कलाभवनाविषयी बोलताना जाणकार बडोदेकर नेहमी दोन नावे घेतात: राज्यकर्ते म्हणून ते सुरू करणारे सयाजीराव महाराज आणि पहिले प्राचार्य म्हणून ते चालवणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर. पुढे १९०७ मध्ये निघालेल्या अलेंबिक या बडोद्याच्या औषध कंपनीच्या सुरुवातीशीही गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन अशी तीन नावे जोडलेली आहेत. एका माणसाच्या नावावर सगळे घालण्याचा हट्ट आपल्या गावात जुन्या लोकांनी केला नव्हता.

जे सदस्य भांडून गेले त्यांच्याकडे अवश्य जा, आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्याला सोबत नेऊ नका. आमच्याकडचे एक गृहस्थ पहिल्या दोन भेटींत फक्त चहा देऊन गप्प राहिले. तिसऱ्या वेळी त्यांनी आतून पहिल्या वर्षाची सह्यांची नोंदवही आणून दिली, जी हरवली असे सर्वांनी गृहीत धरले होते.

७. संमती आणि हक्क

मुलाखत देणाऱ्याकडून लेखी संमती घ्या आणि तिच्यात तीन पर्याय ठेवा: पूर्ण मुलाखत खुली, काही भाग राखीव, किंवा ठरावीक वर्षांपर्यंत बंद. पैशांच्या भांडणाचा भाग बहुतेक जण राखीव ठेवायला सांगतात. तो पुसू नका, वेगळ्या पाकिटात उघडण्याचे वर्ष लिहून ठेवा. फोटोचा हक्क सामान्यतः तो काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा किंवा संस्थेचा नव्हे, म्हणून वापरण्यापूर्वी विचारा. शाळकरी मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय छापू नका. गटांतील संदेश उद्धृत करण्याआधी फोन क्रमांक काढून टाका आणि संदेश लिहिणाऱ्याला तो दाखवा.

८. जतन

कागद ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) आणि छापील फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मूळ प्रत टीआयएफएफ स्वरूपात ठेवा आणि वाटायला जेपीईजी करा. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. तारीख अंदाजाने ठरवली असेल तर नावातच तसे लिहावे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळा.

दुसरे ठिकाण म्हणजे त्याच वाड्याचा वरचा मजला नव्हे, आणि तळमजला तर नव्हेच. ३१ जुलै २०१९ च्या पावसात, विश्वामित्रीचे पाणी आणि मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या देशभर गेल्या तेव्हा, आमच्या सर्वांत खालच्या कप्प्यातील दोन फायली भिजल्या. भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत आणि जोर लावून सुटे करू नयेत. पानांमध्ये कोरा, न छापलेला कागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवावेत, कागद वारंवार बदलावा. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून तेवढ्या वेळात होणार नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि सवडीने थोडे थोडे बाहेर काढावेत. आमच्या घरी तीन आठवडे मटारच्या शेजारी भाडेकरार होता.

९. लिहिणे आणि लोकांपुढे ठेवणे

कालपट आधी तयार करा, गोष्ट नंतर लिहा. प्रत्येक नोंदीपुढे कागद, वस्तू, फोटो किंवा आठवण यांपैकी काय आधार आहे ते एका शब्दात लिहा. विकिपीडियावर लेख करण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे स्वतंत्र, प्रसिद्ध झालेले संदर्भ लागतात आणि स्वतःच्या संस्थेविषयी स्वतः लिहिणे रुचत नाही, त्यामुळे तुमची मेहनत दोन दिवसांत उडवली जाऊ शकते. त्यापेक्षा छोटी पुस्तिका करा, तिच्या प्रती गावातील ग्रंथालयांना द्या आणि एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर चढवा.

पुस्तिकेच्या आधी कच्चा मसुदा पंधरा दिवस कार्यशाळेत टांगून ठेवा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधा आणि एक दुरुस्तीवही ठेवा. दुरुस्ती सुचवणाऱ्याने तारीख आणि सही करायची, एवढा एकच नियम. आमच्या वहीत एकोणीस दुरुस्त्या आल्या, त्यांतील अकरा नावांच्या लेखनाच्या होत्या. सतरावी ताईंच्या अक्षरात आहे: “सोल्डरिंगचा पहिला वर्ग शनिवारी नव्हता, रविवारी होता. शनिवारी मला शाळा असे.” मी हजेरीवही काढून पाहिली. रविवारच होता.